मशीन काय म्हणतंय?

आमच्या खोऱ्यात भूकंप आधी ऐकू येतो आणि मग जाणवतो. घाटातून भरलेला ट्रक उतरावा तशी गुरगुर जमिनीखालून येते, आणि ती कुठून आली हे ठरवेपर्यंत घर एकदा अंग झाडून गप्प बसलेलं असतं. आजीच्या चुलीमागं मडक्यांच्या दोन उतरंडी होत्या. गुरगुर आली की सगळ्यात वरची झाकणी खुळखुळायची. आजी भाकरी थापता थापता नुसती मान वर करायची, झाकणी थांबली की पुन्हा हात चालू. पुढं पस्तीस वर्षं मी भूकंपाच्या यंत्रांवर काम केलं, पण मी पाहिलेलं पहिलं यंत्र ते.

कोयना धरणात १९६१-६२ पासून पाणी साठू लागलं आणि थोड्याच काळात हे हादरे सुरू झाले. मी १९५९ चा. त्यामुळं न हलणारी जमीन मला आठवतच नाही. त्याआधी दख्खनचं पठार म्हणजे घट्ट, म्हातारं, कधी कूस न बदलणारं असंच शास्त्रज्ञ धरून चालत. आमच्या गावात मात्र पोरंसोरंसुद्धा हादऱ्याची प्रतवारी करायची : झाकणीचा, कडीचा आणि कौलांचा.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला तो या प्रतवारीत बसत नव्हता. मी आठ वर्षांचा होतो. झाकणी वाजल्याचं ऐकू आलं नाही, दोन्ही उतरंडी एकदमच खाली आल्या. मागची भिंत बाहेरच्या अंगाला पडली म्हणून आम्ही राहिलो. आतल्या अंगाला पडली असती तर हे लिहायला मी नसतो. ६.३ रिश्टरचा तो भूकंप. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगरात घरं आडवी झाली, धरणाच्या भिंतीला वरच्या भागात भेगा पडल्या आणि ती पुढं मागून आधार देऊन मजबूत करावी लागली. धरणात बसवलेल्या एका यंत्रानं त्या पहाटेची थरथर कागदावर धरली. ती नोंद जगभरचे धरण-अभियंते अजून वापरतात. आम्हाला हे पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा आम्ही शेतात गोणपाटाच्या तंबूत होतो.

त्याच वर्षी सप्टेंबरात पाचाच्या वरचा एक धक्का बसून गेला होता. आजी पुढं मरेपर्यंत सांगायची, "भादव्यात झाला त्योच सांगावा हुता. आपल्याला कळला न्हाई." मी नोकरीला लागल्यावर तिला एकदा विचारलं, की आजी, त्याच्या आधी पाच वर्षं शेकड्यांनी धक्के बसले, ते कशाचे सांगावे होते? ती म्हणाली, "ते नुस्तं धक्के."

भूकंपशास्त्राची सगळी अडचण तिनं एका वाक्यात सांगितली होती, हे मला तेव्हा उमजलं नाही.

१९८१ साली खोऱ्यातल्याच एका वेधशाळेत निरीक्षक म्हणून लागलो. काम ऐकायला शास्त्रीय, करायला काळं. चकचकीत पांढरा कागद ड्रमवर ताणून चिकटवायचा आणि रॉकेलच्या दिव्याच्या धुरावर ड्रम फिरवत त्यावर काजळी धरायची. काजळी जाड झाली तर सुई अडते, पातळ राहिली तर रेघ दिसत नाही. हात बसायला मला दोन महिने लागले. मग ड्रम यंत्रात चढवायचा. तो सावकाश फिरत राहतो, सुईचं टोक काजळी खरवडत जातं आणि काळ्यावर पांढरी बारीक रेघ उमटते. दर मिनिटाला घड्याळ सुईला एक टिचकी देतं, ती मिनिटखूण. रेडिओचे टोले लागले की घड्याळ किती पुढं-मागं आहे ते वहीत टिपायचं, कारण अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे भूकंप काही किलोमीटर दुसऱ्याच्या शेतात. चोवीस तासांनी कागद उतरवून स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेतून ओढायचा आणि दोरीवर वाळत घालायचा. नखं काळी, बाह्या काळ्या, चहाच्या कपाचा कान काळा. लग्नानंतर पहिल्या महिन्यात बायकोनं विचारलं, "नोकरी सरकारी सांगितली होती ना? की भडभुंज्याची?"

वाळलेला कागद टेबलावर पसरून भिंग आणि पट्टी घेऊन बसलं की खरी मजा. सपाट रेघेत एक बारीक उसळी, ती पहिली लाट. थोडं पुढं जास्त दांडगी उसळी, ती दुसरी. पहिली वेगानं पळते, दुसरी मागं राहते. दोन्हींमधले सेकंद मोजून आठानं गुणले की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते ढोबळ मानानं कळतं. आमच्याकडं हे अंतर बहुधा दोन सेकंदांच्या आत-बाहेर, म्हणजे पायाखालीच. रेघ किती वेळ थरथरत राहिली त्यावरून रिश्टर काढायचा. एखाद्या दिवशी कागदावर तीन धक्के, एखाद्या दिवशी तीस. पन्नास वर्षांत या खोऱ्यानं लाखाच्या वर छोटे धक्के दिले आहेत. त्यातले काही हजार मी स्वतःच्या डोळ्यांनी मोजले असतील.

सकाळी कागद बदलून नाक्यावर चहाला गेलो की ठरलेला प्रश्न यायचा, "साहेब, मशीन काय म्हणतंय?"

लोकांच्या लेखी मशीन म्हणजे अंगात येणारं देवस्थान होतं आणि मी त्याचा भगत. मशीन फक्त झालेलं सांगतं, हे मी निदान शंभर वेळा सांगितलं असेल. ऐकणारा मान डोलवायचा आणि विचारायचा, "ते खरं, पण आता मोठा कवा?"

आम्हाला काहीच माहीत नव्हतं असं मात्र नाही. कुठं होणार हे जगात फार थोड्या ठिकाणी इतकं नेमकं माहीत असेल. कोयना आणि तिच्या दक्षिणेला वारणा, असा साधारण २० किलोमीटर रुंद आणि ३० किलोमीटर लांब टापू. त्याच्या बाहेर हे भूकंप जवळजवळ जातच नाहीत. का होतात याचाही अंदाज आहे. आधीच ताणलेल्या खडकावर शिवसागराचं १०५ टीएमसी पाणी दरवर्षी चढतं आणि उतरतं, त्याचं वजन पडतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाण्याचा दाब भेगांतून खोलवर झिरपतो. त्यामुळं पावसाळ्यात जलाशय भरत आला की सप्टेंबराच्या आसपास आमचे ड्रम जास्त बोलू लागायचे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या डॉ. हर्ष गुप्ता यांनी आयुष्य या खोऱ्यावर खर्च केलं. त्यांनी दाखवून दिलं की पाणी आठवड्याला १२ मीटर किंवा त्याहून वेगानं चढलं तरच पाचाच्या वरचा धक्का बसण्याची शक्यता तयार होते. वाचून वाटतं, झालं की! पातळी बघायची आणि भोंगा वाजवायचा. पण ही अट आवश्यक होती, पुरेशी नव्हती. पावसाशिवाय पेरणी होत नाही हे खरं, म्हणून पाऊस पडला की पेरणी झालीच असं कुणी धरत नाही.

प्रश्नाला उत्तर नसलं की माणूस दिलासा शोधतो, आणि आमच्याकडं एक तयार दिलासा होता : बारके धक्के बसताहेत ते बरंच आहे, ताकद निघून जाते. हे वाक्य कुणी सुरू केलं देव जाणे. मी आलो तेव्हा ते वेधशाळेत, चावडीवर, शाळेत, सगळीकडं होतं. ऐकायला ते पटतं. कुकरची शिट्टी होत राहिली की कुकर फुटत नाही, तसं. मीही ते बारा वर्षं बिनधास्त वापरलं.

३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून माणसं झोपली होती तेव्हा, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी झाली. चार दिवसांनी आमची तीन जणांची तुकडी दोन फिरती यंत्रं घेऊन तिकडं गेली. नंतरचे धक्के मोजायचे, त्यावरून फुटलेल्या भागाचा आकार काढायचा, असं काम. ते लिहायला सोपं आहे. पाऊस लागला होता, काळ्या मातीचा गुडघाभर चिखल झाला होता आणि त्या चिखलात गावं नव्हतीच, दगडांचे ढीग होते. सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळचा, लोक दहा हजार म्हणतात. मी कोयनेचा, मला भूकंप नवा नव्हता. पण तिथली घरं मी पहिल्यांदाच बघत होतो. अडीच-अडीच फूट जाड भिंती. बाहेरून घडीव दगड, आतून घडीव दगड, मध्ये मातीत कोंबलेल्या कपच्या. दोन्ही थरांना एकमेकांत गुंतवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगडच नाही. वर माळवद, म्हणजे उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून लाकडावर घातलेला मातीचा जाड थर. जमीन हलली तशी भिंत पुस्तकासारखी मधोमध उघडली आणि माळवद खाली आलं. काही घरांचे लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या होत्या आणि भोवतीनं भिंत नव्हती. थंडी-उन्हासाठी शहाणपणानं बांधलेलं घर या एका गोष्टीला मात्र अगदी चुकीचं होतं. आणि कुणाला दोष द्यायचा? बांधकामाच्या राष्ट्रीय संहितेतल्या नकाशावर किल्लारी तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती.

एक म्हातारा रोज आमच्या तंबूपाशी येऊन बसायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यानं यंत्राकडं बोट केलं.

"हे काय करतंय?"

"धक्के मोजतंय, बाबा."

"झाल्यावर?"

"हो. झाल्यावरच."

तो बराच वेळ सुईकडं बघत राहिला. "मागल्या साली बी लई धक्के बसले. आमी सांगितलाव की."

खरं होतं ते. १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारी परिसराला धक्क्यांची माळच लागली होती, लोक घाबरून बाहेर झोपत होते. मग धक्के थांबले. माणसं घरात परतली. वर्षानं हा आला. म्हाताऱ्याच्या दृष्टीनं सरळ हिशेब होता : सांगावा आला होता, तुम्ही वाचला नाही.

मी पुढं अनेकदा स्वतःला विचारलं आहे, त्या ऑक्टोबरात माझा ड्रम किल्लारीच्या देवळात असता तर मी काय वाचलं असतं? काही नाही. त्या रेघा आणि आमच्या रोजच्या रेघा यांत मला फरक सांगता आला नसता, आणि तो अजूनही कुणाला सांगता येत नाही. एखादा धक्का बसल्यावर आठवड्याच्या आत त्याहून मोठा बसतो असं शंभरात पाचेक वेळा होतं, असं जगभरच्या नोंदी सांगतात. पंच्याण्णव वेळा होत नाही. किल्लारीत तर मध्ये आठवडे गेले नाहीत, जवळपास वर्ष गेलं.

नोव्हेंबरच्या अखेरीला मी घरी आलो. गावात धाकटे चुलते, नाना, गोठ्यात झोपायचे. दिवाळीआधी व्यालेली म्हैस होती, बिबट्याचं भय होतं. त्या महिन्यात वारणेकडं धक्के वाढले होते. नाना म्हणाले, "आरं, तू मशीनवाला. ह्या बारक्या धक्क्यांचं काय करायचं? गोठ्यात झोपू का न्हाई?"

गोठ्याची भिंत माझ्यासमोर होती. दगड आणि माती. महिनाभर मी तशाच भिंतींचे ढीग बघून आलो होतो. आणि मी म्हणालो, "झोपा निवांत, नाना. बारके बसतात ते बरंच असतं. ताकद निघून जाते."

८ डिसेंबरला वारणेच्या बाजूला पाचाच्या वरचा धक्का बसला. गोठ्याची लांब भिंत आत आली. म्हैस जागीच गेली. नानांचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला आणि तो पुढं कोपरात कधी सरळ झाला नाही. मी धावत गेलो तेव्हा ते हात गळ्यात बांधून पडवीत बसले होते. मला एक शब्द बोलले नाहीत. काकूला म्हणाले, "ह्याला चहा टाक."

त्या रात्री वेधशाळेत बसून मी एक गणित केलं. बारा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. त्याला लागणारी माहिती प्रशिक्षणातल्या पहिल्या आठवड्याच्या वहीत होती. रिश्टर एकानं वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. मग ३.३ आणि ६.३ यांच्यात ३२ गुणिले ३२ गुणिले ३२, म्हणजे बत्तीस हजारांच्या वर. रोज एक ३.३ चा धक्का, एकही सुट्टी न घेता, बसत राहिला तरी एका ६.३ ची ताकद निघून जायला नव्वद वर्षं लागतील. आणि ३.३ आमच्याकडं रोज बसत नाही. कुकरच्या शिट्टीची उपमा साफ खोटी होती. छोटे धक्के ताकद काढून टाकत नाहीत, ते फक्त सांगतात की इथं ताण आहे.

मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माहीत होतं, पण वहीत होतं. तोंडात दुसरंच वाक्य बसलं होतं, कारण समोरच्याला झोप हवी होती आणि ती देणं माझ्या हातात होतं.

म्हणून २०१२ साली इटलीतल्या लाक्विला शहराची बातमी आली तेव्हा मी दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही. तिथंही आधी महिनोन्महिने छोट्या धक्क्यांची माळ. मग तज्ज्ञांची बैठक. लोकांपर्यंत पोचलेला सूर असा, की काळजीचं कारण नाही. त्यात एका अधिकाऱ्यानं तर ऊर्जा थोडी थोडी बाहेर पडते आहे हे चांगलंच, अशा अर्थाचं सांगितलं. ६ एप्रिल २००९ ला पहाटे ६.३ चा भूकंप झाला आणि ३०९ माणसं गेली. सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना न्यायालयानं दोषी ठरवलं. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी 'भूकंपाचं भाकीत केलं नाही म्हणून तुरुंगवास' असा मथळा दिला, आणि त्यावर सहकारी हसले. मला हसू आलं नाही. भाकीत न केल्याचा तो खटला नव्हताच, दिलासा दिल्याचा होता. २०१४ मध्ये अपिलात सहाही शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी होऊन राहिली. माझा खटला कुणी भरला नाही, एवढाच फरक. रिश्टरसुद्धा तोच, आमच्या ६७ सालचा.

लोक म्हणतात, चीननं करून दाखवलं की. हायचेंग शहर, फेब्रुवारी १९७५, ७.३ चा भूकंप, आणि त्याआधी माणसं बाहेर काढलेली. खरं आहे. पण तिथं आधी धक्क्यांची इतकी दाट माळ लागली होती की लोक भिऊन आपणहून बाहेर पडायला लागले होते. पुढच्याच वर्षी जुलैत तांगशान शहराखाली जमीन फुटली, कसलाही सांगावा न देता, आणि सरकारी आकड्यानंच दोन लाख बेचाळीस हजार माणसं गेली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पार्कफिल्डची गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिच्यात अहंकार चांगला मोडतो. तिथं १८५७ पासून साधारण बावीस-बावीस वर्षांच्या अंतरानं सहाच्या आसपासचे भूकंप होत आले होते, शेवटचा १९६६ चा. शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की पुढचा १९९३ च्या आत. जमिनीत जे जे पुरता येईल ते ते यंत्र पुरून सगळे टपून बसले. तो आला २००४ च्या सप्टेंबरात, अकरा वर्षं उशिरा. आणि इतक्या यंत्रांच्या गराड्यातही आधी काही वेगळं दिसलं नाही.

असं का होतं, हे मी गावातल्या पोरांना वणव्यावरून समजावतो, कारण मार्च-एप्रिलात आमचे डोंगर जळताना ते बघतात. प्रत्येक वणवा एका काडीनं लागतो. ओंजळभर गवत जळून विझणारा आणि अख्खा डोंगर खाणारा, दोघांची काडी सारखीच. पुढं किती जळणार हे काडीत नसतं. गवत किती वाळलंय, वारा कुठला, मध्ये ओढा आहे का, जाळपट्टा काढलाय का, यावर ते ठरतं. जमिनीखालीही मोठा भूकंप छोट्यासारखाच एका ठिपक्यातून सुरू होतो आणि शेजारचा खडक किती ताणलेला आहे त्यावर पुढं पळतो किंवा थांबतो. डोंगरावरचं गवत हात लावून बघता येतं. पाच-सहा किलोमीटर खोलचा खडक कुणी हात लावून बघायचा?

तेही करायचा प्रयत्न झाला. कोयनेजवळ गोठण्याला तीन किलोमीटर खोल विंधनछिद्र घेतलं, २०१७ साली ते पुरं झालं. त्याचं काम बघायला कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. आपण ज्याला सह्याद्रीचा काळा कातळ म्हणतो तो तिथं सव्वा किलोमीटरच्या आसपास संपतो आणि खाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा फार जुना खडक लागतो. त्या खडकाचा वर काढलेला एक दंडगोल मला हातात धरायला मिळाला. राखाडी-गुलाबी, थंड, मनगटाहून जाड. ज्याच्या रेघा आयुष्यभर वाचल्या त्याला मी निवृत्तीनंतर पहिल्यांदा बघत होतो. त्यावर केसासारखी एक भेग होती. मी तिच्यावर नख फिरवून पाहिलं, का ते सांगता येणार नाही.

भाकिताच्या बाबतीत आमच्या खोऱ्याला अगदीच अपयश आलं असंही नाही. १६ मे २००६ ला डॉ. गुप्तांच्या गटानं छोट्या धक्क्यांची गर्दी बघून आधी नोंदवून ठेवलं, की पंधरा दिवसांत चारच्या आसपासचा धक्का बसेल. २१ मे ला ४.२ चा बसला. आधी लिहून ठेवून मग वाट बघणं, याला हिंमत लागते. नंतर सांगावा ओळखणारे गल्लोगल्ली असतात. तरीही माझं मत विचाराल तर मी हात राखून टाळी वाजवीन. पन्नास वर्षांत या टापूत चारच्या वरचे दोनेकशे धक्के बसलेत, म्हणजे वर्षाला सरासरी चार. कोणतेही पंधरा दिवस डोळे मिटून निवडले तरी सहा-सात वेळांत एकदा नेम लागायचा. आणि चारच्या धक्क्यानं आमच्याकडं कौलं सरकतात. पाटणच्या मामलेदारानं हे ऐकून करायचं काय? सहाचा येणार असं पंधरा दिवस आधी खात्रीनं सांगता आलं तर गाव हलवता येईल. ते कुणाला आलेलं नाही. तोवर 'नासानं सांगितलंय, आज रात्री' असले निरोप मोबाइलवर फिरतात, आणि गाव मात्र हलतं.

२०१८ च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या बाजूला, दुंदलवाडीच्या परिसरात, धक्क्यांची माळ लागली. लोक थंडीत तंबूत झोपत होते. माझ्या हाताखाली शिकलेला एक पोरगा यंत्रं घेऊन तिकडं गेला होता. रात्री त्याचा फोन आला, "सर, लोक विचारतात काय होणार. काय सांगू?" मी म्हणालो, काहीही सांग, फक्त ताकद निघून जाते असं सांगू नकोस. तो म्हणाला, "मग?" मी म्हणालो, घरं बघ. भिंत कसली आहे, भिंतीवर काय ठेवलंय, झोपणाऱ्याचं डोकं कुठं येतं, ते बघ आणि तेवढंच बोल. पुढच्या वर्षी तिथं चारच्या आसपासचा धक्का बसला, मोठा काही आला नाही. कोयनेत माळ लागली आणि मोठा आला. किल्लारीत माळ थांबली आणि मग आला. पालघरात माळ लागली आणि आला नाही. तिन्ही ठिकाणचे कागद कुणी माझ्यापुढं नाव झाकून ठेवले तर मी आजही ओळखू शकणार नाही.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात चुलतभावानं गोठा पाडून नवा बांधायला काढला. दगड घरचाच, त्यामुळं भिंत दगडाचीच. मी खुर्ची टाकून समोर बसलो. गवंड्याला सांगितलं, दर दोन फूट उंचीला, दर चार फुटांवर, भिंतीच्या आरपार जाईल असा एक लांब दगड, कोपऱ्यांत न चुकता, आणि दाराच्या वरच्या पातळीला चारी बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा. तो कंटाळला. असे लांब दगड मिळत नाहीत, फोडून घ्यावे लागतात, मजुरी वाढते. दुपारी भाकरी खाताना म्हणाला, "साहेब, यवढं करायचं, तर त्यो भूकंप नक्की कवा व्हायचाय ते तरी सांगा."

मी म्हणालो, माहीत नाही.

लांब दगड बेचाळीस बसले. मी मोजले.